तापणारा लॅपटॉप, लिनक्स आणि सोयाबीनची सुडी



आजची नोंद पिकाची नाही, लॅपटॉपची आहे. पण शेवटपर्यंत वाचा. विषय तापण्याचा आहे, आणि तापणे म्हणजे काय हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

ओली सोयाबीन सुडीत लावली तर सुडी तापते. हात घातला तर आतून वाफ लागते. व्होल्टेज कमी असताना मोटर चालवली तर मोटर तापते. मळणीच्या दिवसात रेडिएटरच्या जाळीत कुटार अडकले तर ट्रॅक्टर तापतो. तिन्ही ठिकाणी तापणेच, पण कारणे वेगळी. सुडीत उष्णता आतल्या आत तयार होते. मोटर गरजेपेक्षा जास्त करंट ओढते. ट्रॅक्टरच्या इंजिनात मात्र काहीच बिघडलेले नसते, फक्त उष्णतेची बाहेर जायची वाट बुजलेली असते. म्हणून इलाज करायच्या आधी दोन प्रश्न विचारायचे. उष्णता जास्त तयार होऊन राहिली का? की तयार झालेली बाहेर जाऊन नाही राहिली? लॅपटॉपलाही हेच दोन प्रश्न विचारावे लागतात. बाकी सगळे यातूनच निघते.

आता लॅपटॉप कोणता, ते सांगतो. आमच्या पुतण्याने इंजिनिअरिंगला असताना घेतलेला. इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर, आणि ड्रॉइंगच्या कामासाठी वेगळे ग्राफिक कार्ड बसवलेले. तो पुण्याला नोकरीला लागला, नवीन घेतला, जुना माझ्याकडे आला. यावर माझ्या पावसाच्या नोंदी आहेत, फवारणीचा खर्च आहे, हे पान लिहिणे आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे आमच्या गटातल्या अकरा शेतकऱ्यांच्या घरगुती सोयाबीन बियाण्याचा हिशेब आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सोयाबीन हे स्वपरागीत पीक आहे. एकदा प्रमाणित बियाणे घेतले की त्याच्या उत्पन्नातून पुढचे दोन-तीन हंगाम घरचे बियाणे वापरता येते, दरवर्षी नवीन बॅग घ्यावी लागत नाही. पण त्याची उगवणशक्ती तपासलेली पाहिजे. ओल्या पोत्यात शंभर दाणे मोजून ठेवायचे, किती उगवले ते मोजायचे. सत्तर किंवा त्यावर उगवले तर एकरी तीस किलोने पेरायचे. खाली आले तर बियाणे वाढवावे लागते, नाहीतर ते बियाणे म्हणून वापरायचेच नाही. आमच्या गटात कोणाचे फुले संगम, कोणाचे पीडीकेव्ही अंबा. एकाचे ८२ उगवले, दुसऱ्याचे ६१. दोन्ही पोती दिसायला सारखीच. कोणत्या पोत्यात काय आहे हे फक्त नोंदीत आहे. ती नोंद गेली तर जूनमध्ये कोण काय पेरणार, आणि नाही उगवले तर कोण कोणाला जबाबदार धरणार? गटातला विश्वास एका हंगामात मोडतो. परत जमायला पाच वर्षे लागतात.

म्हणून हा लॅपटॉप मधेच बंद पडू लागला तेव्हा ती नुसती यंत्राची कटकट नव्हती.

लिनक्स काहून टाकले

विंडोज १० चा कंपनीकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमच्याकडे तेव्हा सोयाबीनची मळणी चालू होती आणि दिवाळी आठवड्यावर आली होती. आधार संपला म्हणजे संगणक बंद पडत नाही. पण नव्या चोरवाटा बुजवायची जी दुरुस्ती दर महिन्याला येत होती ती येणे थांबते. एक वर्षाची मुदतवाढ घेता येत होती, पण ती वर्षाचीच. विंडोज ११ टाकावे म्हटले तर त्याला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमचा सहाव्या पिढीचा. म्हणजे यंत्र चांगले चालते, पण कागदावर म्हातारे ठरले.

तालुक्याच्या गावी दुकानात विचारले. चाळीस हजारांचा नवीन घ्या म्हणाले. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. हमीभावाने धरले तरी साडेसात क्विंटल झाले. आमच्या कोरडवाहू वावरात एका एकराचे जवळपास सगळे पीक. खर्च वेगळाच. आणि हमीभावाने माल जातोच असे नाही, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

पुतण्या म्हणाला, "मोठेबाबा, लिनक्स टाकून देतो. पैसे लागत नाहीत."

पैसे लागत नाहीत म्हटल्यावर मला आधी शंका आली. मग माहिती घेतली. लिनस टॉरवाल्ड्स नावाचा फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी. २५ ऑगस्ट १९९१ ला त्याने लोकांना कळवले की मी एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवून राहिलो, नुसता छंद म्हणून. पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. आज आपल्या हातातल्या अँड्रॉइड मोबाईलच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. म्हणजे गावात लिनक्स आधीच घरोघर आहे, नाव फक्त माहीत नाही. आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेनेही बॉस नावाची लिनक्सची भारतीय आवृत्ती काढलेली आहे. हे सगळे मला आपल्या बियाण्यासारखे वाटले. एकाने जपले, दुसऱ्याला दिले, त्याने वाढवून पुढे दिले.

दिवाळीत पुतण्या गावी आला तेव्हा त्याने लिनक्स मिंट टाकून दिले. मेनू मराठीत आला. लिब्रे ऑफिसमध्ये माझ्या जुन्या फाइली उघडल्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी काही तक्रार नव्हती. पंखा थोडा जास्त वाजत होता, तेवढेच.

मार्च लागला आणि

मार्चमध्ये तूर विकून झाली, हरभरा निघाला, आणि मी बियाण्याचे कागद घेऊन बसलो. एकीकडे करड्याच्या कृषी विज्ञान केंद्राचा बीजप्रक्रियेचा व्हिडिओ चालू, दुसरीकडे हिशेबाची फाइल. पंखा थ्रेशरसारखा घोंगावू लागला. डाव्या बाजूच्या जाळीतून येणारी हवा हाताला चटका देत होती. पंधरा-वीस मिनिटात पडदा काळा. परत चालू केला, परत तेच.

असे अचानक बंद होणे म्हणजे भूत नाही. मोटरच्या स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असते, मोटर जळायच्या आधी ती ट्रिप करते. प्रोसेसरलाही तशीच सोय असते. शंभर अंशाच्या आसपास गेला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरी उतरले नाही तर सगळे यंत्र बंद करतो. जीव वाचवतो. पण त्या वेळी जी फाइल उघडी असते ती अर्धवट राहू शकते, आणि वारंवार असे झाले तर फाइल खराब होते. म्हणून पहिले काम एकच केले. सकाळी थंड्या वेळी लॅपटॉप चालू केला, बियाण्याच्या सगळ्या नोंदी पेनड्राइव्हवर घेतल्या, आणि अकराही जणांची नावे, जात, पोत्यांची संख्या आणि उगवण वहीत उतरवून काढली. दुरुस्ती नंतर, आधी बियाणे घरात.

मग निदान. त्यात गावभर एकच मत.

"भाऊ, तुम्ही ते फुकटचे टाकले ना, त्यानेच तापते."

दुकानदार म्हणाला, बोर्ड गेला. पुतण्या फोनवर म्हणाला, धूळ असेल, खोलून साफ करा. तिघांचे तीन निदान, आणि एकानेही मोजलेले नाही. पाने पिवळी पडली की कोणी म्हणते लोह कमी, कोणी म्हणते पाणी साचले, कोणी म्हणते पिवळा मोझॅक. तिन्ही खरे असू शकते. झाड उपटून मुळी पाहिल्याशिवाय औषध आणू नये.

मोजमाप

लिनक्समध्ये सेन्सर्स नावाची एक लहान सोय टाकता येते. ती प्रोसेसरच्या आतले तापमान आकड्यात दाखवते. भिंतीवर घरचे थर्मामीटर होतेच. मी वहीत रकाने पाडले : खोलीचे तापमान, नुसता चालू ठेवून प्रोसेसरचे तापमान, आणि तोच एक व्हिडिओ दहा मिनिटे चालवून तापमान. प्रत्येक वेळी खोली ३४ अंशावर असतानाच मोजायचे ठरवले, म्हणजे तुलना खरी राहते.

पहिली नोंद : खोली ३४, नुसता चालू ६७, व्हिडिओला ९७.

पुतण्या फोनवर म्हणाला, "मोठेबाबा, मी सांगतो ते सगळे एकदम करून टाका. अर्ध्या तासात मोकळे व्हाल."

मी म्हटले, "नाही बाळा. एका वावरात खत बदलले, बियाणे बदलले आणि पेरणीची तारीखही बदलली, तर उत्पन्न कशाने वाढले हे कोण सांगणार? एका वेळी एकच बदल."

तो हसला, पण ऐकले.

पहिला बदल : झोपलेले नसलेले कार्ड

काही न करता ६७ अंश, हे खटकत होते. संगणकात कोणते काम किती ताकद खाते ते सिस्टीम मॉनिटरमध्ये दिसते. पाहिले तर प्रोसेसर तीन-चार टक्केच काम करत होता. मग उष्णता कुठून येते? बैल गोठ्यात बसलेला आणि घाम फुटलेला, असे.

तेव्हा लक्ष गेले ग्राफिक कार्डाकडे. अशा लॅपटॉपमध्ये चित्र दाखवायला दोन यंत्रणा असतात. एक प्रोसेसरच्या आतच, कमी खाणारी. दुसरी वेगळी, जास्त ताकदीची आणि जास्त खाणारी. रोजच्या कामाला पहिली पुरते. दुसरी झोपून राहिली पाहिजे. कंपनी लॅपटॉप विकते तेव्हा विंडोजसाठी हे सगळे जुळवून देते. लिनक्स टाकले की ते जुळवणे आपल्याकडे येते. आमच्याकडे दुसरे कार्ड दिवसरात्र जागे होते. उष्णता दोघांची, पण बाहेर काढणारा पंखा आणि तांब्याची नळी एकच. म्हणून प्रोसेसरही तापलेला दिसायचा.

मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर आहे. त्यातून त्या कार्डाचा योग्य ड्रायव्हर टाकला, आणि कार्ड फक्त गरज पडली तरच जागे व्हावे असे निवडले. बंद करून चालू केला. पॉवरटॉप नावाची दुसरी सोय बॅटरीवर असताना किती वॅट खर्च होतात ते दाखवते. आधी अठरा दाखवत होती, आता नऊ-दहा.

दुसरी नोंद : खोली ३४, नुसता चालू ५६, व्हिडिओला ८९.

दुसरा बदल : व्हिडिओची पद्धत

व्हिडिओ आपल्याकडे येतो तो दाबून, घडी घालून येतो. दाखवायच्या आधी ती घडी उलगडावी लागते. प्रोसेसरमध्ये या कामासाठी एक वेगळा कोपरा असतो, तो कमी ताकदीत हे काम करतो. पण त्याला घडीचे ठराविक प्रकारच उलगडता येतात. एच-२६४ हा जुना प्रकार आमच्या प्रोसेसरला येतो. नवे प्रकार आले की मुख्य प्रोसेसरला हाताने उलगडावे लागते. हार्वेस्टर उभे असून विळ्याने सोंगणी केल्यासारखे. त्यात लिनक्सवर ब्राउझर हा कोपरा वापरतोच असे नाही. फायरफॉक्समध्ये इंटेलच्या यंत्रांसाठी ही सोय २०२३ च्या ११५ व्या आवृत्तीपासून आपोआप चालू असते. त्यामुळे ब्राउझर नवा ठेवणे गरजेचे.

मी दोन गोष्टी केल्या. ब्राउझरमध्ये जुन्या प्रकारचाच व्हिडिओ मागणारी एक जोडणी टाकली, आणि व्हिडिओ ४८० वर ठेवला. खोडकिडीची अळी ४८० वर पण ओळखू येते. या दोन्ही गोष्टी मी एकच बदल धरल्या, कारण दोन्हींचे काम एकच, घडी उलगडायचा भार कमी करणे.

तिसरी नोंद : खोली ३४, नुसता चालू ५६, व्हिडिओला ७६.

तिसरा बदल : कुटार काढणे

आता खोलायची वेळ. मोबाईल दुरुस्त करणाऱ्या एका पोराकडे बारीक पेचकस होते. त्याने मागचे झाकण काढले. पंख्याच्या तोंडाशी धातूच्या पातळ पट्ट्यांची जाळी असते. तिच्यावर धुळीचा थर असा बसला होता की नखाने धरून ओढला तर घोंगडीच्या तुकड्यासारखा एकसंध निघाला. रेडिएटरवर कुटार बसते ना, हुबेहूब तसा. आपल्या घरात मळणीच्या दिवसात जी धूळ असते ती पुण्या-मुंबईच्या ऑफिसात नसते. कंपनीने यंत्र बनवताना सोयाबीनच्या मळणीचा विचार केला नसेल.

मऊ ब्रशने साफ केले. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले, कारण हवा मारताना पंखा भरधाव फिरला तर बिघडतो. ट्रॅक्टरच्या टायरचा कॉम्प्रेसर अजिबात लावला नाही. त्याच्या हवेत पाणी असते आणि जोरही फार. प्रोसेसर आणि तांब्याची नळी यांच्या मधे एक लेप असतो, त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. तो वाळून खडूसारखा झाला होता. खरवडून, पुसून, मुगाच्या दाण्याएवढा नवा लावला. मजुरी आणि लेप मिळून तीनशे रुपये.

चौथी नोंद : खोली ३४, नुसता चालू ४७, व्हिडिओला ६३.

मग दोषी कोण

इथे मी वही घेऊन बसलो. नुसते ९७ आणि ६३ पाहून उपयोग नाही. खोलीपेक्षा किती वर, हे पाहिले पाहिजे. कारण लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत घेतो, त्याच्याजवळ थंड हवेचा दुसरा साठा नाही. खोली जितकी गरम, तितका प्रोसेसर त्याच्या वर जाऊन बसतो.

सुरुवातीला व्हिडिओ चालवताना प्रोसेसर खोलीपेक्षा ६३ अंश वर होता. लिनक्सचे जुळवणे पूर्ण केल्यावर ४२ अंश वर. म्हणजे एक तृतीयांश कमी. सफाई आणि लेपानंतर २९ अंश वर. म्हणजे उरलेल्यातूनही जवळपास एक तृतीयांश कमी. दोघांचा वाटा जवळजवळ सारखा निघाला.

आता हेच आकडे ऋतूंवर बसवून पाहा. थंडीत खोली २५ अंश. २५ आणि ६३ म्हणजे ८८. तापलेला, पण चालणारा. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोणाच्या लक्षात आले नाही. आपल्या वाशिमला मे महिन्यात दुपारी पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, टिनाच्या खोलीत तर विचारू नका. ४३ आणि ६३ म्हणजे १०६. प्रोसेसर तिथपर्यंत जाऊच देत नाही, आधीच ट्रिप होतो.

"मग मागच्या उन्हाळ्यात विंडोजवर काहून नाही बंद पडला?" हा गावचा प्रश्न बरोबर होता. तेव्हाही धूळ होतीच, पण कार्ड झोपलेले होते आणि व्हिडिओ योग्य कोपऱ्यात उलगडत होता. ४३ आणि ४२ म्हणजे ८५. काठाच्या अलीकडे. आणि धूळ नसती, नुसते लिनक्स अर्धवट जुळवलेले असते तर? तरी साधारण ८६-८७. म्हणजे एकट्या धुळीने यंत्र बंद पडत नव्हते, एकट्या लिनक्सनेही नाही. दोघे मिळाले आणि वरून उन्हाळा आला, तेव्हा काठ ओलांडला. गावाचे निदान अर्धे खरे, पुतण्याचे अर्धे खरे. दुकानदाराचे मात्र चाळीस हजारांचे.

शेतात यापेक्षा वेगळे काय होते? एकट्या पावसाच्या खंडाने सोयाबीन जात नाही. हलकी जमीन, दाट पेरणी आणि त्यावर शेंगा भरायच्या वेळी खंड, असे तिन्ही जुळले की जाते. आणि आपण नाव घेतो शेवटच्याचे, कारण तो डोळ्यासमोर असतो.

लिनक्सवरचा आरोप अगदीच हवेतला नाही, हेही सांगतो. २०११ च्या सुमारास लिनक्सच्या गाभ्याच्या २.६.३८ या आवृत्तीनंतर बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी लवकर संपू लागली आणि यंत्रे जास्त तापू लागली. कारण निघाले ते असे : आतल्या भागांना रिकाम्या वेळी कमी वीज देणारी एक सोय, यंत्राच्या मूळ नोंदीत गोंधळ असेल तिथे, लिनक्स सावधगिरी म्हणून बंद ठेवत होते. पुढे ते सुधारले. मूळ अडचण तीच. यंत्र बनवणारा एका ऑपरेटिंग सिस्टीमवर पारखून देतो, दुसरीला अंदाजाने चालावे लागते. आणि लिनक्सचा जन्मच फिनलंडचा. तिथल्या माणसाला टिनाखालच्या मे महिन्याची काय कल्पना? बाहेरून आणलेले वाण आपल्याकडे लावले की पहिला हंगाम त्याच्या मागे फिरावे लागते. याचा अर्थ वाण वाईट असा होत नाही.

ज्यांना करायचे असेल त्यांच्यासाठी

१) आधी नोंदी, फोटो, सातबारा, जे काही आहे ते पेनड्राइव्हवर घ्या. महत्त्वाचे कागदावर पण ठेवा.

२) तापमान मोजा आणि खोलीचे तापमान त्यातून वजा करा. उरते ते यंत्राचे.

३) प्रोसेसर रिकामा असून तापत असेल तर वेगळे ग्राफिक कार्ड जागे आहे का ते पाहा. काम करताना तापत असेल तर कोणते काम खाते ते सिस्टीम मॉनिटरमध्ये पाहा.

४) टीएलपी नावाची सोय टाकून प्रोसेसरची टर्बो, म्हणजे जास्तीची उडी, बंद ठेवता येते. भर उन्हाळ्यात मी ती बंद ठेवतो. हिशेबाला, लिहायला काही फरक पडत नाही. बैलगाडीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरचा ॲक्सिलेटर दाबून काय मिळते?

५) गादीवर, गोधडीवर, मांडीवर ठेवून चालवू नका. हवा खालून आत जाते, ती वाटच बुजते. मी लाकडी पाटावर ठेवतो आणि मागच्या बाजूला दोन बाटल्यांची बुचे लावतो. कूलरच्या खोलीत चालते, पण कूलरच्या तोंडासमोर नको, पाण्याचे तुषार येतात. खाली ओले फडके तर कधीच नाही.

६) दरवर्षी मळणी संपली की पंखा साफ करून घ्या. ट्रॅक्टरच्या एअर फिल्टरसोबत याची पण तारीख लिहून ठेवा.

७) टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला किंवा झाकण फुगले तर बॅटरी फुगली आहे. उष्णतेने तसे होते. लगेच बंद करा, चार्जिंग काढा, आणि बॅटरी बदलल्याशिवाय चालू करू नका. यात धाडस नको.

हिशेब

गेले तीनशे रुपये आणि साधारण पंधरा दिवस, थोडे थोडे करत. पंधरा दिवस म्हटल्यावर पुतण्याने परत एकदा सांगितले की हे एका संध्याकाळचे काम होते. त्याचे बरोबर आहे. पण एका संध्याकाळी झाले असते तर लॅपटॉप थंड झाला असता आणि गावात म्हण राहिली असती की फुकटचे टाकले म्हणून तापले. गटातल्या आणखी दोघांकडे असेच जुने लॅपटॉप पडून आहेत. पोरांचे कॉलेजचे, विंडोज ११ चालत नाही म्हणून कपाटात ठेवलेले. ते दोघे आता वही पाहून गेले. आकडे पाहिल्यावर एकजण म्हणाला, "म्हंजे फेकून द्याची गरज नाही तं." मी म्हटले, आधी तापमान घ्या, मग ठरवा.

या यंत्राला आणखी किती वर्षे आहेत ते मी सांगू शकत नाही. पण ते बंद होईल तेव्हा त्याच्या स्वतःच्या म्हातारपणाने होईल, कोणी कागदावर म्हातारे ठरवले म्हणून नाही.

बियाण्याचा तक्ता पूर्ण झाला. ज्याचे ६१ उगवले त्याला परत शंभर दाणे लावायला सांगितले आहे. दुसऱ्यांदाही खाली आले तर ती पोती बाजारात जातील, पेरणीत नाही. बाकीच्यांचे सत्तरच्या वर आहे. पोत्यांची थप्पी सातच्या वर लावू नका, खाली लाकडी फळ्या ठेवा, भिंतीला टेकवू नका. बियाणेही तापते, आणि त्याला पंखा नसतो. पेरणी मात्र पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय नाही, मग शेजाऱ्याची तिफण चालू झाली तरी.

राम राम.